भट्टी निवेपर्यंत तीन गाणी

माझी बायको दात बनवते आणि मी ते पोचवतो. मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे, त्यामुळे स्कूटरच्या डिकीत लोकांच्या कॅपा, ब्रिज आणि कवळ्या घालून दवाखाने फिरणं मला फारसं जड जात नाही. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावईबापू, पुढे काय करायचा विचार आहे?" मी म्हणालो होतो, बघू. अजून बघतोच आहे.

लॅब सायकलच्या दुकानावर आहे. दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. नव्या माणसाला वाटतं, हे सगळे काहीतरी बोलता बोलता थांबलेत आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू करतील. मागच्या खोलीत पॉलिशची मोटर, पाण्याचं सिंक आणि भट्टी. भट्टी म्हणजे साधारण प्रेशर कुकरएवढा डबा. खालचं ताट वर जातं, दात आत जातो, पोर्सेलिन भाजलं जातं, मग ताट हळूहळू खाली आणायचं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. घाई केली आणि गरम दाताला एकदम गार हवा लागली, की 'टिक' असा आवाज होतो. आवाज अगदी लहान असतो, नखाने नख वाजवावं एवढा. त्या आवाजाला आमच्या घरात अपघाताचा दर्जा आहे.

लॅबमध्ये बायकोला सगळे 'बाई' म्हणतात. मीही म्हणतो. घरी म्हणत नाही, पण वागतो तसाच.

बाईंच्या लॅबमध्ये एका शब्दाला बंदी आहे : पांढरा. दात पांढरा असतो असं जो म्हणेल त्याने जाऊन भिंती रंगवाव्यात, असं तिचं मत आहे. दात पिवळसर असतो, राखाडी असतो, मुळाशी चहासारखा आणि टोकाला काचेसारखा असतो. "बघून सांगा, आठवून सांगू नका," हे ती दिवसातून दहा वेळा म्हणते. एकदा एका डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "बाई, अगदी पांढराशुभ्र करा हो." तिने विचारलं, "पेशंट माणूस आहे ना?"

तर ही भट्टी जुनी आहे आणि तिचं स्वतःचं घड्याळ कधीच बंद पडलंय. नवी घ्यायची बोलणी माझ्या लग्नापासून चालू आहेत. आठवड्याचं महत्त्वाचं भाजकाम शुक्रवारी संध्याकाळी असतं, आणि ते निवेपर्यंत कोणी काही करायचं नाही, कारण मोटर लावली की टेबल हलतं आणि टेबल हललं की बाई हलते. पूर्वी या वेळात आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचो. आमच्या धंद्यात तोंडाकडे बघणं म्हणजे कामच, म्हणून विश्रांती मिळायची नाही. मग एका शुक्रवारी तिच्या धाकट्या भावाने फोनवर एक गाणं लावलं. ते संपलं तसं पॉलिशवाल्या मावशींनी एक लावायला सांगितलं. तिसरं संपलं तेव्हा भट्टी निवली होती. बाईने दात हातात घेतला, खिडकीशी नेऊन बघितला आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी पण तीन."

तेव्हापासून आमची भट्टी गाण्यांवर चालते. पहिलं गाणं संपेपर्यंत हात लावायचा नाही. दुसरं आणि त्यावरचं बोलणं संपलं की ताट अर्ध्यावर आणायचं. तिसरं संपलं की पूर्ण खाली. दर आठवड्याला तिघांनी एकेक गाणं आणायचं, पाळीपाळीने. आणि बाईने सुरू केलेली गोष्ट असल्यामुळे तिला नियम आले. गाणं लावण्याआधी कोणाचं आहे, कधीचं आहे, आपल्या आयुष्यात त्याचं काय स्थान आहे, हे सांगायचं नाही. गाणं चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही. गाणं संपलं म्हणजे शेवटचा सूर हवेतून पूर्ण गेल्यावर संपलं. मग प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, आणि त्यात 'छान', 'मस्त' आणि 'बरंय' चालणार नाही. हे तीन शब्द म्हणजे गाण्यातला पांढरा.

मला सुरुवातीला हे जाचक वाटलं. मी आयुष्यभर 'बरंय'वर गुजराण केलेला माणूस. पण बाईचं ऐकणं बघितलं आणि मी गप्प झालो. ती डोळे मिटत नाही, मान डोलावत नाही, पाय हलवत नाही. शेड जुळवताना दाताकडे बघते तशी स्पीकरकडे बघते. मग एखादं वाक्य बोलते. एका रॉक गायकाबद्दल, ज्याच्या किंचाळण्यावर सगळं जग फिदा आहे, ती म्हणाली, "किंचाळतो ते शिकलेलं आहे. त्याच्याआधी श्वास घेतो, तो त्याचा आहे." एका गोडगोड पॉप गाण्याबद्दल आम्ही सगळे नाक मुरडून बसलो होतो, तर म्हणाली, "हिला माहीत आहे हे गाणं हलकं आहे. म्हणून ती त्यावर वजन टाकत नाहीये. अवघड आहे ते." मी नंतर ते गाणं स्कूटरवर ऐकलं आणि दोन दवाखाने चुकून पुढे गेलो.

फार क्वचित, एखादं गाणं संपल्यावर ती नुसतं "पुन्हा" म्हणते. आमच्याकडे याहून मोठं काही नाही. माझ्या एकाही गाण्याला ते मिळालेलं नाही. मी मनावर घेत नाही, असं मी सांगत असतो.

एका बाबतीत मात्र ती स्वतःचा नियम सरळ मोडते. गाणं कोणाचंही असो, कितीही रंगात असो, भट्टीकडून काही वेगळा आवाज आला की ती उठते. एकदा तिचं स्वतःचं गाणं चालू होतं, लहानपणापासूनचं, आवडीचं, आणि ताट किंचित कुरकुरलं. गाणं अर्ध्यावर टाकून गेली. मावशी म्हणाल्या, "अहो बाई, नियम?" ती म्हणाली, "गाणं परत लावता येतं."

आता धाकट्याबद्दल सांगतो. हा बाईचा भाऊ, माझा मेहुणा. सगळे त्याला धाकटा म्हणतात, फक्त लॅबमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी दादा म्हणते. तो मेणकाम करतो. मेणाचा दात आधी, मग त्यावरून खरा. त्याच्या हातातली मेणाची सुरी चालताना बघितली की वाटतं, हा माणूस लोणी लावतोय. लावता लावता दाढ तयार होते, खाचाखोचांसकट. जास्तीचं मेण झटकायला तो सुरी टेबलाच्या कडेवर आपटतो : टक टक, आणि जरा थांबून टक. दिवसभर चालू असतं. आम्हाला ऐकू येईनासं झालंय, घरातल्या फ्रिजसारखं.

काही महिन्यांपूर्वी त्याने मला जिन्यात गाठलं.

"भाऊजी, तुमच्याकडे जुना टेपरेकॉर्डर आहे ना? चालू?"

"चालू आहे. तुझ्या ताईने टाकायला सांगितलाय, म्हणून जपून ठेवलाय."

त्याने खिशातून कॅसेट काढली. कॉलेजात असताना, दुसऱ्या शहरात, यांचा चौघांचा बँड होता. चौथ्या मजल्यावर सराव करायचे म्हणून नाव 'चौथा मजला'. हा ड्रमवर. एकच गाणं रेकॉर्ड केलं आणि एकच कार्यक्रम केला. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "ड्रम नसते तर ऐकवलं असतं." हा मागेच वायर गुंडाळत होता. घरी कोणाला बँडचं नीट सांगितलं नव्हतंच, तेव्हा सोडल्याचंही सांगावं लागलं नाही. ड्रमच्या काठ्या कुणाला तरी देऊन टाकल्या आणि ताईकडे मेण शिकायला आला.

"आणि आता?"

"आता गाणाऱ्याचा फोन आला. त्याचं टाइल्सचं दुकान आहे. म्हणे पुन्हा जमूया. एक हॉल मिळतोय. तिघे तयार आहेत, ड्रमवाला मी हवाय. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग म्हणाला, नाहीतर दुसरा बघतो."

"मग जा की."

"भाऊजी, मी वाईट वाजवत असेन तर?"

"तुझे मित्रच बोलावतायत."

"मित्र काय, मित्र 'मस्त' म्हणतात." तो कॅसेटकडे बघत होता. "ताईला ऐकवायचंय. पण माझं आहे हे कळता कामा नये. कळलं तर ती बहीण म्हणून बोलेल. मला ऐकणाऱ्या माणसाचं हवंय. ती नुसतं बरंय म्हणाली, तरी मी नाही कळवणार. कायमचं."

"तिला तू ओळखू येशील."

"कसा? ड्रमला गळा थोडाच असतो?"

हे मला पटलं. मला बऱ्याच गोष्टी पटतात. मी गाणं कॅसेटवरून फोनवर उतरवून दिलं आणि तोंड बंद ठेवलं. घरात तोंड बंद ठेवायची सवय असल्यामुळे कोणाला संशय आला नाही.

तो शुक्रवार आला. भट्टीत होता टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या एका बाईंचा समोरचा दात. त्यांच्या डॉक्टरांनी सकाळपासून तीन वेळा फोन केला होता, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी दात बसायचा होता आणि संध्याकाळी अख्ख्या गावासमोर उघडायचा होता. बाईने त्यावर दोन दिवस घालवले होते. त्या बाईंच्या शेजारच्या दाताला कोपऱ्यात एक बारीकशी ढगाळ खूण होती, तीसुद्धा हिने पोर्सेलिनमध्ये उतरवली होती. कोणाला दिसणार नाही अशी गोष्ट कोणाला दिसू नये म्हणून दोन दिवस करणं, याला काय म्हणावं मला माहीत नाही. मी नुसता डबी घेऊन उभा राहतो.

धाकटा भट्टीपाशी बसला होता, ताटाचं बटण त्याच्याकडे असतं. चेहरा प्लास्टरच्या रंगाचा.

पहिलं गाणं मावशींचं. मावशी पॉलिशवर असतात आणि त्यांना ज्या गाण्यात बाई एकटी पियानोपाशी बसून हळूहळू मोठ्याने गायला लागते तीच आवडतात. भाषा कळत नाही, रडतात मात्र वेळेवर. गाणं लांब होतं. संपल्यावर बोलणंही लांबलं.

दुसरं कॉम्प्युटरवरच्या मुलीचं. तिने स्पीकर लावला, गिटारी एकमेकींवर कोसळल्या, कोणीतरी भराभर चिडून काहीतरी सांगितलं आणि गाणं संपलं.

"झालं?" मावशी म्हणाल्या.

"झालं."

"अगं पोरी, मी अजून चष्मा पुसत होते."

"मावशी, पंक रॉक आहे. एवढंच असतं."

"भांडण होतं की गाणं?"

"भांडणच. पण जिंकलेत ते," बाई म्हणाली आणि विषय संपला.

नेहमी दुसरं गाणं आणि त्यावरचं बोलणं संपलं की ताट अर्ध्यावर. धाकट्याच्या हाताला हे पाठ आहे. पण या वेळी दुसरं गाणं मावशींच्या चष्म्याएवढंच होतं, आणि डोक्यात तिसरं गाणं घेऊन बसलेल्या माणसाचा हात हा हिशेब करत नाही. त्याने बटण दाबलं. ताट अर्ध्यावर आलं. मी बघत होतो आणि मला काहीच खटकलं नाही, कारण मीही तिसऱ्या गाण्याच्याच विचारात होतो.

"तिसरं माझं," तो म्हणाला आणि लावलं.

आधी टेपची खरखर. मग ड्रम. एकटेच. मग गिटार, जिची एक तार स्वतःच्या मताची होती. मग गाणारा. शब्द असे होते :

वारा, वारा, वारा,
तुझा माझा पसारा,
आवरू नको ना!

टाइल्सच्या दुकानाचा निर्णय योग्य होता, असं माझ्या मनात आलं. पण खाली ते ड्रम चालले होते. मला संगीतातलं कळत नाही. एवढं कळलं की बाकीचे तिघे जिथे जिथे घसरत होते, तिथे खालून कोणीतरी हात देत होतं आणि दिल्याचं दाखवत नव्हतं. मी बाईकडे बघितलं. ती स्पीकरकडे बघत होती, रोजच्यासारखी. धाकटा जमिनीकडे.

शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. एक मोकळी जागा आहे तिथे, श्वास घ्यावा एवढी.

आणि त्या जागेत भट्टीतून आवाज आला. टिक.

मावशींचा हात तोंडावर गेला. मुलगी जागच्या जागी ताठ झाली. धाकटा अर्धा उठला. त्याला बटण आठवलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी दार किती लांब आहे ते बघितलं.

बाईने एक बोट वर केलं. बस, असं. धाकटा बसला. स्पीकरमधून ड्रम परत आले, एक लहानसा उशीर करून, आणि त्यांच्यामागे बाकीचे. गाणं चालत राहिलं. गाणारा वारा वारा करत राहिला. ती स्पीकरकडे बघत राहिली. शेवटचा ठोका झाला, मग खरखर, मग तीही गेली. तरी ती क्षणभर बसून होती.

मग म्हणाली, "मावशी, तुम्ही."

"बाई, अहो, दात..."

"आधी गाणं."

मावशींनी भट्टीवरची नजर काढली. "गाणारा ओरडतो फार. पण... घरात कोणी ऐकत नसेल त्याचं."

"शब्द भयंकर आहेत," मुलगी म्हणाली. "पण पाठ होणार. मला आत्ताच झालेत. दादा, हे तू मुद्दाम केलंस?"

मी गिटारच्या तारेबद्दल काहीतरी बोललो. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

"गाणं कच्चं आहे," बाई म्हणाली. "गाणारा पुढे पळतो, गिटारवाला मागे राहतो. ड्रमवाला दोघांना धरून ठेवतो आणि कोणाला ओढत नाही. ते थांबतात ना, तिथे दुसरा कोणी असता तर घाबरून भरून टाकलं असतं. हा थांबला." ती उठली. "पुन्हा लाव. मी दात बघते."

कॅपच्या मधोमध केसाएवढी भेग होती. तिने ती दिव्याखाली धरली, फिरवली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"माझ्यामुळे," धाकटा म्हणाला. "मी बटण..."

"हो, तुझ्यामुळे. दुसरं गाणं आखूड होतं, माझ्याही लक्षात यायला हवं होतं. आणि तू कधी वाजवायचास ते आधी सांग."

मावशींनी मोटरचं बंद असलेलं बटण पुन्हा बंद केलं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं.

"मी नाही सांगितलं," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच हे खरं होतं.

"त्यांनी कशाला सांगायला हवं? टक टक, आणि उशिरा टक. रोज सकाळी नऊपासून ऐकते मी. पहिल्या ठोक्याला कळलं."

धाकट्याचा चेहरा उतरला. असा उतरला की मला त्याच्यापेक्षा त्या कॅसेटची दया आली. "म्हणजे ओळखूनच बोललीस तू," तो म्हणाला. "मग काय उपयोग? भाऊ म्हणून बोललीस."

"काय उपयोग म्हणजे? कसला उपयोग?"

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतले गृहस्थ, टाइल्सवाला, हॉल, आज संध्याकाळपर्यंतचा निरोप. मध्येच स्पीकरवर गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं, मुलीने लावलं होतं, त्यामुळे त्याला स्वतःच्याच ड्रमवर आवाज चढवून बोलावं लागलं. बाईने ऐकून घेतलं. ट्रेमधला फुटका दात उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"मी तोंडाने काय बोलले ते सोडून दे. बहिणी काहीही बोलतात. हा फुटला तेव्हा मी उठले का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"ऐकू आलं होतं मला?"

"आलं होतं."

"तू असतास तर काय समजला असतास? दुसऱ्या कोणाचं गाणं असतं आणि मी बसून राहिले असते तर?"

धाकटा दाताकडे बघत होता. त्याला ते स्वतःच्या ताईचं गाणं आठवत असावं, जे ती ताट कुरकुरलं म्हणून अर्ध्यावर टाकून गेली होती. मला तर आमच्या लग्नाचा फोटो आठवला. त्यात मी एकटाच आहे. फोटोग्राफर 'हसा' म्हणाला तेव्हा ही त्याचे पुढचे दात जवळून बघायला गेली होती.

"मला वाटलं असतं," धाकटा हळूच म्हणाला, "की गाणं सोडवलं नाही तुला."

"मग ते बघून सांग. आठवून सांगू नकोस. तो पहिल्या रांगेतला माणूस तू इतकी वर्षं आठवतोयस."

तेवढ्यात फोन वाजला. टाइल्सवाला. धाकटा फोन घेऊन पुढच्या खोलीत गेला आणि जबड्यांच्या फळ्यांसमोर उभा राहिला. आम्ही मागच्या खोलीत एकमेकांकडे न बघता ऐकत होतो. त्याचा आवाज आला, "हो. येतो." मग, "आत्ता? आत्ता नाही रे, इथे एक दात फुटलाय माझ्याकडून."

"जा म्हणावं!" बाई ओरडली. "दात मी करते!"

"ताई, रात्र होईल तुला. आणि उद्या दुपारी..."

"तुला मेण येतं, पोर्सेलिन येत नाही. इथे थांबून काय करणार आहेस, हवा घालणार आहेस? सुरी ठेव आणि जा."

तो गेला. जिन्यावरून जाताना कठड्यावर हात आपटत गेला. टक टक, आणि उशिरा टक. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की. एवढी वर्षं कशी नाही आलं लक्षात?"

मावशी आणि मुलगी घरी गेल्यावर बाई नव्याने कामाला बसली. मी चहा केला, कारण अशा वेळी मला तेवढंच करू देतात. ब्रशच्या टोकावर पोर्सेलिनची ओली पूड घेऊन ती थर लावत होती, आणि थर थोडा सुकेपर्यंत दुसऱ्या हाताने धाकट्याची सुरी टेबलाच्या कडेवर वाजवून बघत होती. टक टक टक. मग पुन्हा. टक टक, टक. तिसरा दर वेळी लवकर पडत होता. जिच्या हाताने केसाएवढी ढगाळ खूण उतरवली होती, तिला तो एक उशीर जमत नव्हता.

"काय चुकतंय?" तिने मला विचारलं. मला! मी म्हणालो, "तू वाट बघत नाहीयेस."

तिने माझ्याकडे पूर्ण वळून बघितलं, शेड बघते तशी. मग मान खाली घातली आणि पुन्हा प्रयत्न केला. तेव्हाही लवकरच पडला.

बातम्या वाचणाऱ्या बाईंचा दात दुसऱ्या दिवशी वेळेवर बसला. संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसून तो बघितला, म्हणजे दिसलाच नाही, म्हणून बाई खूश होती. बातम्या काय होत्या विचारू नका.

चौथा मजला आता शुक्रवारी संध्याकाळी टाइल्सच्या गोदामात सराव करतो. म्हणून बाईने महत्त्वाचं भाजकाम गुरुवारी आणलं. हे वाचायला सोपं आहे. शहरातल्या डॉक्टरांनी मिळून कितीदा विनंती केली होती की बाई, एक दिवस अलीकडे करा, आम्हाला सोयीचं पडेल, आणि तिने भट्टीला चालत नाही असं सांगून त्यांना परत पाठवलं होतं. आता डॉक्टर मला दारात अडवून विचारतात, "काय हो, भट्टीला आता कसं चालतं?"

मी डबी पुढे करतो आणि सही घेतो. गुरुवारी माझी पाळी आहे. गाणं अजून ठरलेलं नाही, पण ते लांब असेल, एवढी काळजी घेतलीय.